सतरा नंबरची पिशवी

गोरखपूर, जबलपूर
३ ऑक्टोबर २०२४

शालिग्रामभाऊ यांना पद्मजा मुळमुळेचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर पाहून कोड्यात पडला असाल. मला आधी तुमच्या मुलाचा नंबर मिळाला, त्यावर तुमची नात प्रणाली बोलली. म्हणाली, आजोबांना फोनवरचं अजिबात ऐकू येत नाही, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, मी त्यांना दाखवते. म्हटलं, नको गं बाई, पत्ताच दे. अकरा वर्षं भूगर्भ खात्याच्या ड्रिलिंग मशीनजवळ उभं राहून तुमचे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत असं तीच म्हणाली. तेव्हा हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल अशी खात्री आहे.

तुमच्या साहेबांना जाऊन जुलैत तीन वर्षं झाली. मागच्या खोलीत त्यांनी जमवलेल्या राखेच्या पिशव्या अजून तशाच आहेत, एकूण एक्केचाळीस. आता पुण्याच्या एका संस्थेने त्या मागितल्या आहेत. तिथे साहेबांच्या नावाचं कपाट होणार, पाटी लागणार. त्यासाठी वैभवी नावाची एक मुलगी महिनाभरापासून इथे आली आहे. अधारतालला खोली घेऊन राहते, रोज दहाला ऑटोने येते आणि सूक्ष्मदर्शक लावून बसते. बोलायला फार गोड आहे. गोड बोलणाऱ्यांची मला धास्तीच वाटते, म्हणून ती गेली की मी पिशव्या मोजते आणि मग कुलूप लावते. साहेबांच्या वह्या तर तिला दाखवल्याच नाहीत. लोक दुसऱ्याच्या वहीवर स्वतःचं नाव करून घेतात, हे साहेबच सांगायचे.

तर तिने मला विचारलं, सतरा नंबरची पिशवी कोणी भरली? भदरा नाल्याची पिशवी ती, गौर नदीला मिळतो तो नाला. मी म्हटलं, मी काही तिथे नव्हते, साहेब आणि शालिग्रामभाऊ होते.

साहेबांची हयात त्या टोबा ज्वालामुखीवर गेली हे तुम्हाला मी काय सांगू. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्या माहेरी जेवायला बसले, तर वडिलांना टोबाच सांगायला लागले. ताटातली टम्म फुगलेली पुरी घेतली, मधोमध बोट दाबलं, वाफ निघाली, पुरी खाली बसली. म्हणाले, सुमात्रा बेटावर चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी असंच झालं. पोटातलं सगळं उडालं आणि वरचा डोंगर आत बसला, तिथे आता शंभर किलोमीटर लांबीचं तळं आहे. उडालेली राख वाऱ्याने इथवर आली आणि सोन नदीच्या, नर्मदेच्या काठांमध्ये अजून दडून बसली आहे. वडील म्हणाले, जावई विद्वान आहे, पण पुरी गार झाली.

भदरा नाल्यात त्या राखेच्या थराखाली आणि वर, दोन्हीकडे त्यांना माणसाने घडवलेली दगडी हत्यारं सापडली, एकाच घडणीची. म्हणजे एवढी राख पडूनही इथली माणसं टिकून राहिली. साहेबांचं नाव झालं ते यावर. तेव्हा त्या पिशवीबद्दल जे जे आठवतं ते लिहा. घाई अशी काही नाही.

पद्मजा मुळमुळे


वरूड, जि. अमरावती
१४ ऑक्टोबर

वहिनींना शालिग्राम बेलसरेचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, शाळेच्या फळ्यावरचं. मी बरा आहे. संत्र्याच्या पॅकिंगचं काम दोन वर्षांपासून सोडलं, आता घरीच असतो.

घाई नाही असं तुम्ही लिहिलं आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं. तेव्हा घाई आहे असं मी समजतो.

पिशवी मीच भरली. फेब्रुवारी १९९४. नाल्याच्या उजव्या काठावर, कमरेच्या उंचीला, चार बोटं जाडीचा पांढरा थर होता. साहेबांनी पिशवीचं तोंड धरलं आणि मी खुरप्याने खरवडलं. डाव्या काठाला तोच थर होता पण जेमतेम बोटभर, म्हणून साहेब म्हणाले तिकडचं नको. पिशवी भरली, आत चिठ्ठी टाकली, बाहेर नंबर लिहिला, सुतळीने बांधली. जीपमध्ये मांडीवर घेऊन आलो. साहेब वाटेत काही बोलले नाहीत. खूश असले की ते बोलत नसत.

एवढंच आठवतं. नंतर ती पिशवी तुमच्या पडवीत होती की खोलीत, तिला कोणी हात लावला, हे मात्र मला काही माहीत नाही.

ती मुलगी कोण, कोणाची, आणि एक्केचाळीस पिशव्यांत तिला सतराच का दिसली, हे तुम्ही लिहिलं नाही. पावती घेतल्याशिवाय काही देऊ नका.

शालिग्राम


गोरखपूर, जबलपूर
२२ ऑक्टोबर

शालिग्रामभाऊ,

पिशवीला नंतर कोणी हात लावला, हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून सांगितलंत की माहीत नाही. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आहे. खिडकीची काच कोणी फोडली हे विचारण्याआधी जो म्हणतो मी तर डबा खात होतो, त्याच्याकडे बाई आधी बघतात.

आता स्पष्टच लिहिते. वैभवी म्हणते, पिशवीतली राख टोबाचीच आहे, त्यात शंका नाही. पण राख नदीच्या काठात जाऊन बसते तेव्हा त्या त्या नदीची वाळू थोडी तरी तिच्यात मिसळते. गौर नदीचा मुलूख काळ्या पाषाणाचा. भदरा नाल्याच्या राखेत काळे कण असायलाच हवेत. सतरा नंबरच्या पिशवीत एकही नाही. जी वाळू आहे ती सोन नदीच्या पिशव्यांतल्या वाळूशी तंतोतंत जुळते. म्हणजे नाल्याची म्हणून जी राख ठेवली आहे ती नाल्याची नाहीच. नाल्यावर जाऊन पुन्हा बघावं म्हटलं, तर तो उजवा काठ नव्या रस्त्याच्या भरावाखाली गेला. उरली ती फक्त ही पिशवी.

एकतीस डिसेंबरला तिचा अहवाल जाईल. त्यात ती लिहिणार की मुळमुळ्यांचा दावा विश्वास ठेवण्याजोगा नाही. याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला समजतं. सोनची राख आणून नाल्याची म्हणून दाखवली, असा होतो. कपाट तर बाजूलाच राहिलं, पण जन्मभर ज्या माणसाने बसचं तिकीटसुद्धा जपून ठेवलं, त्याला मेल्यावर लबाड म्हणतील. मला ते सहन होणार नाही.

साहेबांनी असं केलं नसणार. मग दुसरं कोण? सोनची उरलेली राख गोणीभर आमच्या पडवीत पडून असायची. साहेबांनी ती मला भांडी घासायला दिली होती, आणि मी चांगली दोन वर्षं वापरली. पडवीत येणारेजाणारे तुम्ही एकटेच. पिशवी नाल्यावर भरलीत हे तुम्ही म्हणता. खरंच भरलीत का, की फेब्रुवारीच्या उन्हात परत जायचा कंटाळा आला आणि घरच्या गोणीतून भरलीत? साहेबांनी तोंड धरलं होतं हे सांगायला आता साहेब नाहीत.

उत्तर पाठवा.

पद्मजा मुळमुळे


वरूड
४ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र ऐन दिवाळीत आलं. घरात सगळे विचारत होते की जबलपूरहून काय आलं. फराळाची चौकशी केली आहे असं सांगितलं.

साहेबांच्या हाताखाली मी अकरा वर्षं रोजंदारीवर होतो. न गेलेल्या जागेची पिशवी मी कधी भरली नाही. साहेबांनी मला राखेचा कण भिंगाखाली दाखवला होता, फुटलेल्या बांगडीच्या काचेवानी दिसतो. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढं कोण दाखवतं? त्या माणसाला मी फसवीन असं तुम्हाला वाटलं याचं वाईट वाटलं.

आता राहिलं त्या मुलीचं. साहेबांचं नाव खराब होत असेल तर तुम्ही तिला माझं नाव सांगा. शालिग्रामने केलं म्हणा. मी सही करतो. माझं आता कोण काय बिघडवणार? मी कुठे नोकरीत आहे?

याउपर मला विचारू नका ही विनंती.

शालिग्राम


गोरखपूर, जबलपूर
१३ नोव्हेंबर

शालिग्रामभाऊ,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. न केलेल्या गोष्टीवर कोणी सही करायला निघत नाही. तेव्हा तुम्ही कबूल केलंत असंच मी धरते. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. साहेब सुटले.

पण वैभवीला सांगितलं तर ती म्हणते, आजी, एवढ्याने नाही भागत. पिशवी पहिल्यापासूनच खोटी असेल, तर कोणी भरली याने फरक पडत नाही, दावा गेलाच. पिशवी आधी खरी होती आणि नंतर बदलली गेली असेल, तरच काही करता येईल. त्यासाठी कधी बदलली, काहून बदलली, हे लिहून हवं. मी म्हटलं, तू तर साहेबांवर टपूनच बसली आहेस. तर हसली. म्हणाली, "आजी, मैं तो चाहती हूँ कि सर सही निकलें." चाहती है म्हणे. मी त्या दिवशी पिशव्या दोनदा मोजल्या.

सोबत मी एक मजकूर लिहून पाठवत आहे. "मी शालिग्राम बेलसरे, कामाचा कंटाळा करून सतरा नंबरच्या पिशवीत सोन नदीची राख भरली," असा. तारखेची जागा मोकळी ठेवली आहे. जी खरी तारीख असेल ती घाला आणि सही करून पाठवा. परतीचं पाकीट तिकिटासकट आत आहे.

अकरा वर्षं तुम्ही माझ्या हातचा चहा प्यायलात. तेव्हा एकदा तरी सांगायचं होतं.

पद्मजा मुळमुळे


वरूड
२५ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार.

मजकुरावर सही केली नाही. परतीच्या पाकिटात हे पत्र घालून पाठवतो आहे. बाकी काही म्हटलं असतं तर चाललं असतं, पण कामाचा कंटाळा हे खोटं आहे. त्याच्यावर माझा हात चालला नाही.

मला हे लिहायचं नव्हतं. तुम्ही दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कागद पाठवला, म्हणून लिहितो.

१९९४चा सप्टेंबर. तुमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या होत्या. मी सकाळी जीपचं सामान ठेवायला आलो, तर तुम्ही अंगणात पितळेचा हा एवढा ढीग घेऊन बसला होता. समया, ताम्हण, गंगाळ, डबे. मी म्हटलं, "वहिनी, एकट्याच काय करून राहिल्या?" तुम्ही म्हणाल्या, "बघा ना भाऊ, समई कशी चमकून राहिली. या वेळची राख जरा खरखरीत आहे, डाग पटापट निघून राहिले." मी पडवीत गेलो. गोणी जिथल्या तिथे होती, तिचं तोंड शिवलेलं. तिच्याशेजारची पिशवी सुटलेली होती आणि तिच्यात मूठभर राख उरली होती. आतली चिठ्ठी खाली पडली होती. चिठ्ठीवर सतरा.

त्याच वर्षी जूनमध्ये तुम्ही खोली पुसताना दोन पिशव्यांवरचे नंबर ओल्या फडक्याने पुसले गेले होते, आठवतं? साहेब आठ दिवस घरात जेवले नाहीत. तुम्ही पडवीत बसून रडायच्या आणि मी आलो की पदराने डोळे पुसून चहा ठेवायच्या. मला ते दिसायचं. आता सणाच्या दिवशी पुन्हा तेच होणार, म्हणून मी गोणी उसवली, पिशवी भरली, चिठ्ठी आत टाकली आणि सुतळी बांधली. उरलेली मूठभर नाल्याची राखसुद्धा मी बाहेर टाकली, कोणाला शंका येऊ नये म्हणून. गोणीचं तोंड उघडं ठेवलं, तुम्ही घेतली असंच दिसावं. तुम्ही नंतर आल्या, गोणीतली आणखी ओंजळभर घेतली. तुम्हाला काही कळलं नाही.

साहेब नेहमी म्हणायचे, सोनची घ्या की नर्मदेची घ्या, राख एकाच डोंगराची, एकाच दिवसाची. मी तसंच समजलो. एकाच पोत्याचे तांदूळ, या डब्यात काय आणि त्या डब्यात काय. वाळू ओळखू येते हे मला तुमच्या पत्रातून कळलं. तेव्हा चूक माझी आहेच. पण कंटाळा नव्हता.

हे त्या मुलीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही नाही म्हटलं तर मी माझं नाव देतो, म्हणतो माझ्या हातून सांडली.

शालिग्राम


गोरखपूर, जबलपूर
११ डिसेंबर

शालिग्रामभाऊ,

उत्तराला उशीर झाला. आधी पाच दिवस मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हटलं, आता हा माणूस माझ्यावर ढकलतो आहे, मेलेल्यावर नाही तर जिवंत बाईवर. मी कशाला नंबराची पिशवी उघडीन? मला काय गोणी आणि पिशवी कळत नाही?

मग ते खरखरीत आठवलं. ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, मी बोलले असेन तरच. त्या दिवशी मला बोटांना लागत होतं, आणि समई घासून मी इतकी खूश झाले होते की साहेबांना दाखवायला आत घेऊन गेले. त्यांनी वर पाहिलं, छान म्हणाले, परत वहीत डोकं घातलं. नाल्याच्या वाळूचे काळे कण होते ते, शालिग्रामभाऊ. चौऱ्याहत्तर हजार वर्षं नाल्याने जपलेलं मी एका सकाळी पितळेवर घासून मोरीत सोडलं.

एवढं कळल्यावर मी कपाट उघडलं आणि साहेबांच्या वह्या काढल्या. त्या मी वाचलेल्या नव्हत्या. त्यांचं अक्षर लागत नाही, आणि कामाचं सगळं इंग्रजीत. पण समासात ते मराठीत लिहायचे, मनातलं असेल ते. १९९४च्या वहीत फेब्रुवारीचं पान सापडलं. सतरा नंबरची राख भिंगाखाली पाहिली, शंभर कणांत अकरा काळे, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे पिशवी खरी होती. हे एक पान वैभवीला दिलं असतं तर साहेब सुटले असते. पहिल्याच दिवशी दिलं असतं तर तुम्हाला मी ती पत्रंही लिहिली नसती. ती वह्या मागत होती तेव्हा मी किल्ली कमरेला लावून बसले होते.

पण मी तिथे थांबले नाही. पुढच्या वह्या चाळत गेले. १९९६च्या वहीत अकरा जूनच्या पानावर समासात जे आहे ते जसंच्या तसं उतरवते.

"सतरा पुन्हा पाहिली. काळा कण एकही नाही. ही सोनची राख. पिशवी कोणीतरी बदलली. शालिग्रामशिवाय कोण हात लावणार? सांडली असेल आणि लपवलं. विचारलं नाही. छापलेलं मागे घेण्याचं कारण नाही, मोजणी तेव्हा खरी होती. पण ज्याच्यावर भरवसा नाही त्याला कायम करा असं मी वर लिहू शकत नाही."

ऑगस्टमध्ये कायम होणाऱ्यांची यादी लागली. तुमचं नाव नव्हतं. तुम्ही घरी येऊन साहेबांना नमस्कार केलात, म्हणालात की नशिबात नव्हतं, आणि वरूडला निघून गेलात. मी तुम्हाला वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या होत्या. मला वाटायचं, वरून नाव कापलं गेलं. साहेबांनी तुमच्यासाठी लिहिलंच असणार, असं मी माझ्या तोंडाने तुम्हाला म्हटलंही होतं.

ती वही मी दोन दिवस उशाखाली ठेवली. १९९४चं पान द्यावं आणि १९९६चं ठेवून घ्यावं, कोणाला कळणार होतं? दावाही वाचला असता, साहेबांचं नावही राहिलं असतं. पिशवी बदललेली आहे हे पंचवीस वर्षं ठाऊक असून ते गप्प राहिले, हे जगाला कळायची गरज काय, असं मनात आलं. मी खोटं बोलत नाही, आलं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आहे. पण मग तुमची नोकरी कशापायी गेली हे कधीच कोणाला कळलं नसतं. तुम्हालासुद्धा नाही.

परवा दोन्ही वह्या मी वैभवीच्या समोर ठेवल्या. माझ्या हाताने लिहिलेला कागदही दिला, की पिशवी मी भांडी घासायला वापरली आणि तुम्ही माझ्यासाठी ती भरलीत. खाली सही केली. मी पोरीवर महिनोन्महिने संशय घेतला, आणि ती काय म्हणाली, "आजी, चाय बना दूँ आपके लिए?" तिनेच केला चहा, मला उठवलं नाही.

आता अहवालात येईल ते असं. पहिली मोजणी ग्राह्य, पिशवी नंतर घरात बदलली गेली, जागा पुन्हा तपासावी. आणि हेही येईल की डॉक्टर मुळमुळ्यांना १९९६पासून हे माहीत होतं आणि त्यांनी ते उघड केलं नाही. कपाटाचं तूर्त थांबलं आहे.

तुम्ही डाव्या काठाचं लिहिलं होतं, बोटभर थराचं. तो काठ अजून शिल्लक आहे. वैभवी विचारते, तुम्ही येऊन जागा दाखवाल का? मी विचारायला धजत नव्हते, तिनेच लिहायला लावलं.

तुमच्या आयुष्याचं माझ्या हातून जे झालं त्याला माफी मागून काही होत नाही, हे मला कळतं. तरी मागते. आणि मी तुम्हाला जो कागद सही करायला पाठवला होता तो असेल तर फाडून टाका.

पद्मजा


वरूड
२० डिसेंबर

वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. दोन दिवस तेच वाचत बसलो, हाका मारल्या तरी उठलो नाही. घरच्यांना वाटलं कान आणखी गेले.

कागद फाडला नाही. ठेवला आहे, येताना घेऊन येतो, तुमच्या हाताने फाडा. जानेवारीच्या आठ तारखेचं तिकीट प्रणालीने काढलं. जागा दाखवीन. डाव्या काठावर जुनं कहूचं, म्हणजे अर्जुनाचं, झाड होतं, त्याच्या मुळापासून वीस पावलं. झाड नसलं तरी वळणावरून समजेल. त्या मुलीला सांगा, थर बारीक आहे, फावडं आणू नका, खुरपं आणा. स्टेशनवर कोणाला पाठवू नका, गोरखपूर मला पाठ आहे.

तुमच्यावर राग नाही. पिशवी भरताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं, तेव्हा त्यात तुमचा दोष धरता येत नाही.

साहेबांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला. नोकरी गेली तर गेली, संत्री भरून पोरं मोठी केली. पण अठ्ठावीस वर्षं मी रोज हेच शोधत होतो की माझ्या कामात कुठे खोट निघाली. कोणत्या दिवशी उशिरा गेलो, कोणती पिशवी वाकडी बांधली. सगळे दिवस आठवून पाहिले.

साहेबांनी मला विचारलं असतं, तर मी तुमचं नाव घेतलं नसतं. माझ्याच हातून सांडली म्हटलं असतं. म्हणजे नोकरी तशीही गेलीच असती, हे मला समजतं. पण त्यांनी विचारायला पाहिजे होतं.

शालिग्राम